समजून घ्या : चाळीत गप्प पडलेला कांदा विळीवर का रडवतो? आणि हे संगणकाला कसं सांगायचं?

देवळा तालुक्यातल्या चाळींमध्ये उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने साठवलेला असतो. चांगल्या कांद्याच्या चाळीत तासभर बसलं तरी डोळ्यांना धार लागत नाही. त्याच चाळीतला एक कांदा घरी आणून विळीवर धरला, की पहिल्याच फोडीला डोळे चुरचुरतात.

कांदा तोच, त्यातले रेणूही तेच. मग बदललं काय? उत्तर एका शब्दात आहे : जागा. कांद्याच्या पेशीत कोणता रेणू कुठे आहे, हे विळीच्या पात्याने बदललं.

ही साधी गोष्ट संगणकाला समजावून सांगणं मात्र सोपं नाही. पेशींमधल्या रासायनिक घडामोडींचे नकाशे बनवणाऱ्या शास्त्रज्ञांना गेली तीसेक वर्षं हाच प्रश्न छळतो आहे. रेणू म्हणजे नेमकं काय नोंदवायचं? त्याचं नाव, सूत्र, जागा की अवस्था? नव्या वाणांपासून नव्या औषधांपर्यंत बरंच संशोधन या नोंदींवर उभं असतं. म्हणून हा प्रश्न कांद्याच्याच उदाहरणाने समजून घेऊया.

कांदा कापल्यावर नेमकं काय होतं?

कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. पहिली म्हणजे आयसोॲलिन हा गंधक असलेला रेणू. तो पेशीद्रवात असतो. दुसरी म्हणजे ॲलिनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम. ते पेशीतल्या रिक्तिकेत, एखाद्या पिशवीत बांधून ठेवल्यासारखं असतं. दोघांमध्ये पातळ पडदा असतो.

विळीने पेशी फाटतात, पडदा जातो आणि दोघं एकत्र येतात. मग काही सेकंदांत पुढचा क्रम घडतो :

• ॲलिनेज आयसोॲलिनला तोडतं. त्यातून प्रोपेनिल सल्फेनिक आम्ल तयार होतं. सोबत पायरुव्हेट आणि अमोनियाही बाहेर पडतो.

• एक दुसरं विकर या सल्फेनिक आम्लाची आतली जुळणी बदलतं. त्यातून प्रोपेनथायल एस-ऑक्साइड तयार होतो.

• हा रेणू हवेत उडतो, डोळ्याच्या पारपटलावरच्या चेतातंतूंना झोंबतो आणि डोळे तो धुऊन काढण्यासाठी पाणी सोडतात.

काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी आख्खा कांदा विस्तवावर भाजून घेतात. तो नीट भाजला गेला असेल तर वाटताना डोळे झोंबत नाहीत. कारण उष्णतेने विकरं आधीच निकामी झालेली असतात. कांदा थंड करून कापला तर त्रास कमी होतो, कारण थंडीत विकरांचं काम मंदावतं.

आता हीच गोष्ट संगणकात भरायची आहे असं समजा. फक्त 'कांद्याच्या पेशीत आयसोॲलिन आहे' आणि 'कांद्याच्या पेशीत ॲलिनेज आहे' एवढंच लिहिलं, तर संगणक काय निष्कर्ष काढेल? दोघं एकाच पेशीत आहेत, म्हणजे अश्रू आणणारा वायू सतत तयार होतच असणार. या हिशोबाने देवळ्यातल्या प्रत्येक चाळीत रडारड व्हायला हवी. नोंद खोटी नव्हती. ती अपुरी होती.

'पाथवे' म्हणजे काय?

वर दिलेल्या तीन टप्प्यांच्या साखळीला जीवशास्त्रात पाथवे किंवा जैवरासायनिक मार्ग म्हणतात. एक रेणू आत जातो, विकर त्याच्यावर काम करतं, दुसरा रेणू बाहेर येतो. तो पुढच्या टप्प्याचा कच्चा माल होतो. साखरेपासून ऊर्जा मिळवणं, इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचणं, जखमेवर रक्त गोठणं, हे सगळे असेच मार्ग आहेत.

पूर्वी हे मार्ग पुस्तकात बाणांच्या चित्रांनी दाखवत. माणसाला चित्र पाहून कळतं, संगणकाला कळत नाही. हजारो मार्ग एकत्र तपासायचे तर ते संगणकाला वाचता येतील अशा तक्त्यांमध्ये हवेत. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ मध्ये 'केग' हा डेटाबेस सुरू केला तो याचसाठी. पुढे मुख्यतः माणसाच्या शरीरातले मार्ग नोंदवणारा 'रिॲक्टोम', अनेकांनी मिळून भरलेला 'विकिपाथवेज' असे आणखी डेटाबेस आले.

प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने नोंदी केल्या. त्या एकमेकांशी जोडायची वेळ आली तेव्हा अडचण लक्षात आली. बाण दाखवणं सोपं होतं. बाणाच्या दोन टोकांना जे रेणू आहेत, ते कसे लिहायचे हे अवघड होतं.

नाव लिहिलं की झालं, नाही का?

नाही. कारण एकाच रेणूला अनेक नावं असतात.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांच्या पट्ट्याला 'कसमादे' म्हणतात, हे नाशिककरांना सांगावं लागत नाही. पण त्यातल्या सटाण्याचा तालुका सरकारी कागदावर 'बागलाण' आहे. माहीत असलेल्या माणसाला दोन्ही एकच. संगणकाला मात्र सटाणा आणि बागलाण हे दोन वेगळे तालुके वाटतात, कारण अक्षरं वेगळी आहेत. खुद्द देवळ्याचं नाव इंग्रजी कागदांवर दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

रेणूंचंही तसंच. म्हणून त्यांना क्रमांक दिले जातात. वावराला घरात 'विहिरीजवळचं' म्हणतात, पण सातबाऱ्यावर गट नंबरच चालतो, तसं. केगमध्ये पाण्याचा क्रमांक सी ००००१ आहे, पायरुव्हेटचा सी ०००२२.

पण क्रमांक देणाऱ्या कचेऱ्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे. पायरुव्हिक आम्ल आणि पायरुव्हेट यांच्यात फक्त एका हायड्रोजनचा फरक आहे. पेशीतल्या पाण्यात आम्लाचा तो हायड्रोजन सुटतो आणि उरतो तो पायरुव्हेट. केगने दोन्ही नावं एकाच क्रमांकाखाली ठेवली. युरोपातल्या 'चेबी' या रेणूंच्या कोशात मात्र दोघांना स्वतंत्र क्रमांक आहेत : पायरुव्हेट १५३६१ आणि पायरुव्हिक आम्ल ३२८१६. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर आहे.

अडचण जोडताना येते. एका नोंदीत कांद्यातून 'पायरुव्हिक आम्ल' बाहेर पडलं आणि दुसऱ्या नोंदीत पुढचा टप्पा 'पायरुव्हेट' वापरतो असं लिहिलेलं असेल, तर संगणकाला दोघांचा संबंधच दिसत नाही. मार्ग मध्येच तुटतो. हे टाळण्यासाठी 'ऱ्हिया' या रासायनिक क्रियांच्या डेटाबेसने एक नियम ठरवून घेतला. सामू ७.३ असताना रेणू ज्या रूपात असतो, तेच रूप क्रियेत लिहायचं.

मग रासायनिक सूत्र का वापरत नाहीत?

सूत्र म्हणजे कोणते अणू किती आहेत याची मोजदाद. ती चुकत नाही, पण पुरतही नाही. याचा उत्तम पुरावा कांदा आणि लसूण हेच आहेत.

कांद्यातलं आयसोॲलिन आणि लसणातलं ॲलिन यांचं सूत्र अगदी सारखं आहे. दोघांत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ११, ऑक्सिजनचे ३ आणि नायट्रोजन व गंधकाचा प्रत्येकी एक अणू. फरक इतकाच, की गंधकाला जोडलेल्या तीन कार्बनांच्या शेपटीत दुहेरी बंध कुठे आहे. आयसोॲलिनमध्ये तो गंधकाला लागून असलेल्या कार्बनवर आहे, ॲलिनमध्ये शेपटीच्या टोकाला.

या एका बंधामुळे स्वयंपाकघरात केवढा फरक पडतो पाहा. कांदा डोळ्यांत पाणी आणतो. लसूण ठेचला तर त्यातून ॲलिसिन तयार होतं, उग्र वास येतो, पण कांद्यासारखं रडू येत नाही.

पुढच्या टप्प्यावर गोष्ट आणखी मजेशीर होते. कांद्यातलं प्रोपेनिल सल्फेनिक आम्ल, त्यापासून होणारा अश्रूकारक रेणू आणि लसणातलं ॲलिल सल्फेनिक आम्ल, या तिघांचंही सूत्र एकच आहे. कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६, ऑक्सिजनचा १, गंधकाचा १. म्हणजे फक्त सूत्र पाहणाऱ्या संगणकाला कांद्यातला दुसरा टप्पा दिसणारच नाही. आत गेलं तेच बाहेर आलं, क्रिया झालीच नाही, असं तो म्हणेल. आणि डोळ्यांत पाणी आणणारा टप्पा नेमका तोच आहे.

म्हणून अणूंची मोजदाद सोडून त्यांची जोडणी लिहिणाऱ्या पद्धती निघाल्या. १९८० च्या दशकात डेव्हिड वेनिंजर यांनी 'स्माइल्स' ही पद्धत मांडली. तिच्यात अख्खा रेणू एका ओळीत अक्षरं आणि चिन्हांनी लिहिता येतो. दुहेरी बंध कुठे आहे तेही त्यात कळतं. २००५ मध्ये शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'इन्ची' ही प्रमाण पद्धत आणली. रचना तीच असेल तर कोणीही, कुठेही तयार केली तरी ओळ तीच यावी, हा तिचा उद्देश.

ओळख आणि हजेरी : एकाच रेणूच्या दोन नोंदी

नाव, क्रमांक आणि रचना मिळाली की रेणूची ओळख पटली. पण चाळीतल्या कांद्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कारण ओळख सांगते हा कोण आहे. तो आत्ता कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे ती सांगत नाही.

इथे बाजार समितीचा विचार केला की गोष्ट पटकन कळते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेला 'भीमा शक्ती' हा रब्बीला चालणारा वाण घ्या. रंग, आकार, तयार व्हायला लागणारे दिवस अशी त्याची एक नोंद असते. ती एकदाच होते. पण त्याच वाणाचा कांदा एका शेतकऱ्याच्या वावरात उभा असतो, दुसऱ्याच्या चाळीत सुकलेला असतो आणि तिसऱ्याचा उमराण्याच्या बाजारात लिलावाला लागलेला असतो. भाव ठरतो तो समोरच्या मालाचा. वाणाचं वर्णन प्रत्येक पावतीवर कोणी लिहीत नाही आणि पावतीवरचं वजन कोणी वाणाच्या नोंदीत लिहीत नाही. पावतीवर फक्त वाणाचं नाव येतं आणि तेवढ्याने दोन्ही नोंदी जोडल्या जातात.

पाथवेच्या नोंदींत हीच विभागणी करायला वेळ लागला. वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 'बायोपॅक्स' नावाची सामायिक भाषा तयार केली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत रेणूची जागा आणि अवस्था ही प्रत्येक क्रियेतल्या सहभागाला चिकटवलेली होती. एकच प्रथिन, एकाच जागी, एकाच अवस्थेत दोन क्रियांमध्ये भाग घेत असेल तर त्याच्या दोन स्वतंत्र नोंदी व्हायच्या. त्या दोन्ही एकाच गोष्टीच्या आहेत हे संगणकाला सहज कळत नसे. एकाच ट्रॉलीसाठी दर वेळी नवा कागद फाडल्यासारखं.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे बदललं. आता दोन स्पष्ट कप्पे आहेत :

• पहिला कप्पा ओळखीचा : रेणूचं सूत्र, रचना, वजन, वेगवेगळ्या कोशांतले क्रमांक. हे कधी बदलत नाही.

• दुसरा कप्पा प्रत्यक्ष हजेरीचा : तोच रेणू पेशीच्या कोणत्या भागात आहे, त्याला काय जोडलेलं आहे, तो कोणासोबत आहे. हे बदलतं आणि प्रत्येक क्रिया याच कप्प्यातल्या नोंदीशी जोडली जाते.

रिॲक्टोममध्येही विभागणी अशीच आहे. पेशीद्रवातला एटीपी आणि मायटोकाँड्रियातला एटीपी यांच्या दोन नोंदी आहेत, पण दोन्ही एकाच ओळखीकडे बोट दाखवतात.

याचा उपयोग मधुमेहाच्या उदाहरणात दिसतो. जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज स्नायूंच्या पेशीत शिरतं. या क्रियेत रेणू बदलतच नाही. बाहेर ग्लुकोज, आत ग्लुकोज. जागेची नोंद नसेल तर संगणकात 'ग्लुकोजपासून ग्लुकोज' अशी निरर्थक ओळ उरते. ग्लुकोजला आत घेणारं 'ग्लुट-४' हे प्रथिनही इन्शुलिनचा निरोप आल्यावर पेशीच्या आतून तिच्या पडद्यावर येतं. म्हणजे इन्शुलिनचं हे काम मुळात जागा बदलण्याचंच आहे. जागेचा रकाना काढला तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

अवस्थेची नोंद : सिकल सेलचा धडा

साध्या रेणूंपेक्षा प्रथिनांची नोंद अवघड असते, कारण एकच प्रथिन अनेक रूपांत वावरतं. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकल सेल हा आनुवंशिक आजार त्याचं ठळक उदाहरण आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं.

प्रौढ माणसाचं हिमोग्लोबिन म्हणजे एकटा रेणू नाही. दोन अल्फा साखळ्या, दोन बीटा साखळ्या आणि चार लोहयुक्त 'हीम' यांचा तो संच आहे. सिकल सेलमध्ये बीटा साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं.

कोणत्या ठिकाणी? जुन्या पुस्तकांत सहाव्या. आजच्या जनुकीय अहवालांत सातव्या. दोन्ही बरोबर. साखळी तयार होताना सुरुवातीला एक मेथिओनिन असतं आणि ते नंतर गळून पडतं. जुन्या पद्धतीत ते मोजत नसत, नव्या पद्धतीत मोजतात. कुठून मोजायचं हे नोंदीत लिहिलेलं नसेल, तर एकच बदल दोन वेगळे बदल म्हणून नोंदला जाऊ शकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे बदललेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असतं तेव्हा सुटं राहतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. प्रथिन तेच, बदलही तोच, पण त्रास देतं ते ऑक्सिजन नसलेलं रूप. दोन्ही रूपं एकाच नावाने नोंदवली तर औषध कोणत्या रूपावर शोधायचं हे नकाशातून कळणारच नाही.

या समजुतीवरच 'व्होक्सेलोटर' हे औषध बेतलेलं होतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावायचं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण फायद्यापेक्षा धोका जास्त असल्याचं दिसल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. नकाशा अचूक असला तरी तो नकाशाच असतो. पुढची परीक्षा शरीरच घेतं.

बायोपॅक्समध्ये अवस्थेबाबत आणखी एक बारीक सोय आहे. प्रथिनाला अमुक गोष्ट जोडलेली 'आहे' असं लिहिता येतं आणि ती जोडलेली 'नाही' असंही स्पष्ट लिहिता येतं. दोन्ही लिहिलं नसेल तर अर्थ 'माहीत नाही' असा होतो. रिकामा रकाना म्हणजे 'नाही' असं धरून चालणं किती महागात पडतं, हे सरकारी अर्ज भरलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

सगळीकडे हजर असलेले 'चलनी' रेणू

नोंदी नीट झाल्या तरी एक सापळा उरतो. पाणी आणि एटीपी हे रेणू शेकडो क्रियांमध्ये असतात. संगणकाला 'या रेणूपासून त्या रेणूपर्यंत सर्वांत जवळचा रस्ता शोध' असं सांगितलं, तर तो पाण्यातून जाणारा रस्ता काढून देतो. या क्रियेत पाणी बाहेर पडतं, त्या क्रियेत पाणी लागतं, म्हणजे दोन्ही जोडलेल्या!

लसणाचं ॲलिसिन तयार होतानाही पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तेवढ्यावरून लसणाचा संबंध पाणी वापरणाऱ्या प्रत्येक क्रियेशी जोडता येत नाही. दोन अनोळखी माणसांच्या खिशात शंभराच्या नोटा निघाल्या म्हणून त्यांच्यात व्यवहार झाला असं म्हणत नाहीत, तसंच हे. म्हणूनच अशा रेणूंना शास्त्रज्ञ 'चलनी रेणू' म्हणतात. रस्ते शोधताना त्यांना वगळतात किंवा कोणता अणू कोणत्या रेणूत गेला याचा माग काढतात. त्यासाठीही पुन्हा रेणूची जोडणी नोंदलेली असावी लागते.

एक बाण कमी होता, तेव्हा काय झालं?

नोंदीतल्या चुकीची किंमत काय असते, हे कांद्यानेच दाखवून दिलं आहे.

बराच काळ असं मानलं जायचं की ॲलिनेजने आयसोॲलिन तोडलं की पुढचं आपोआप होतं. म्हणजे सल्फेनिक आम्लापासून अश्रूकारक रेणू बनायला कोणाच्या मदतीची गरज नाही. चित्रात त्या बाणावर विकराचं नाव नव्हतं.

२००२ मध्ये जपानमधल्या शिनसुके इमाई आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की तिथे एक स्वतंत्र विकर काम करतं. त्याला 'लॅक्रिमेटरी फॅक्टर सिंथेज' असं नाव मिळालं. या शोधाला २०१३ मध्ये रसायनशास्त्राचा इग नोबेल मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

एका बाणाच्या जागी दोन टप्पे आले आणि 'न रडवणारा कांदा' करण्याचे दोन वेगळे रस्ते दिसू लागले :

• पहिला टप्पा रोखणे : जपानी संशोधकांनी बियाण्यावर आयन किरणांचा मारा करून, त्यातून ॲलिनेज अगदी कमी असलेली रोपं निवडली. हा कांदा 'स्माइल बॉल' नावाने जपानच्या बाजारात आला. तो रडवत नाही, पण त्याचा तिखटपणाही जातो, कारण साखळी सुरुवातीलाच थांबते.

• दुसरा टप्पा रोखणे : न्यूझीलंडमध्ये कॉलिन ईडी यांच्या गटाने २००८ मध्ये दुसऱ्या विकराचं जनुक दाबून टाकल्याचं प्रसिद्ध केलं. इथे अश्रूकारक रेणू खूप घटला. पण पहिला टप्पा चालूच असल्याने सल्फेनिक आम्ल दुसऱ्या वाटेने गेलं आणि गंधकाचे वेगळे रेणू वाढले.

जुन्या चित्रात दुसरा रस्ता सुचण्याची सोयच नव्हती. तिथे अडवायला विकरच लिहिलेलं नव्हतं.

कसमादेच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध तिखटपणाच्या मोजमापाशी आहे. कांदा किती तिखट आहे हे प्रयोगशाळेत जिभेने ठरवत नाहीत, पायरुव्हेट मोजून ठरवतात. श्विमर आणि वेस्टन यांनी १९६१ मध्ये ही पद्धत मांडली. आयसोॲलिनसारखा एक रेणू तुटला की एक पायरुव्हेट बाहेर पडतो, म्हणून पायरुव्हेट जास्त तर कांदा तिखट.

पण इथेही तोच पेच येतो. पायरुव्हेट कांदा कापण्याआधीही पेशीत थोडा असतोच, कारण साखरेपासून ऊर्जा मिळवताना तो प्रत्येक सजीव पेशीत तयार होतो. दोन्ही पायरुव्हेट अगदी सारखे, वेगळे करता येत नाहीत. म्हणून दोन मापं घेतात. एक नेहमीसारखा कांदा वाटून. दुसरं, विकर आधीच निकामी करून मग वाटलेल्या कांद्याचं. दोन्हींतला फरक म्हणजे खरा तिखटपणा. नोंदीत नुसतं 'पायरुव्हेट इतका' असं लिहिलं आणि तो कोणत्या मार्गाने आला हे सोडलं, तर दोन वाणांची तुलना चुकू शकते.

दुसरा संबंध जनुकांचा आहे. कांद्याचा जनुकीय आराखडा प्रचंड मोठा आहे. सुमारे १६ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट. त्याचा पहिला मसुदा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या अक्षरांतून टिकवण, रंग किंवा तिखटपणाशी संबंधित जनुकं शोधायची तर कोणतं जनुक कोणतं विकर बनवतं आणि ते विकर कोणत्या रेणूवर काम करतं, ही साखळी पक्की हवी. जनुकापासून वाणापर्यंतच्या रस्त्यात रेणूंच्या नोंदी हा मधला पूल आहे.

तिसरा संबंध औषधी वनस्पतींचा. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतल्या गटाने भारतीय औषधी वनस्पतींतल्या रेणूंचा 'इम्पॅट' हा डेटाबेस २०१८ मध्ये आणला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. एकच रेणू वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळ्या नावांनी येतो, त्यामुळे नावांवर विसंबून चालत नाही. रचना जुळवून दुबार नोंदी गाळाव्या लागतात.

हे काम करणाऱ्यांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणक तिन्ही लागतं. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचं केंद्र आहे. तिथे शिकायला जाणाऱ्या कसमादेतल्या विद्यार्थ्याला पहिलं उदाहरण शोधायला लांब जावं लागणार नाही. ते त्याच्या घरच्या चाळीत आहे.

थोडक्यात

• नाव : एका रेणूला अनेक नावं असतात, म्हणून क्रमांक लागतो. कोशागणिक क्रमांकाचे नियम बदलतात, म्हणून तेही जुळवून घ्यावे लागतात.

• सूत्र : कांदा आणि लसूण यांचे मूळ रेणू एकाच सूत्राचे आहेत. जोडणी लिहिल्याशिवाय फरक कळत नाही.

• जागा आणि अवस्था : ही ओळखीपासून वेगळी नोंदवायची. चाळीतला कांदा आणि विळीवरचा कांदा यांतला फरक इथेच आहे.

• रिकामा रकाना : 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

• बाण : प्रत्येक बाणावर काम कोण करतं हे विचारायचं. २००२ पर्यंत कांद्याच्या एका बाणावर ते नाव नव्हतं.

पुढच्या वेळी कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं, तर एवढं लक्षात असू द्या. कांद्याने बाहेरून काहीच आणलेलं नाही. सगळा माल आधीपासून आतच होता, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत. मधली भिंत विळीने पाडली.